पंचांच्या खुर्चीचा पाय डळमळला नव्हता

“अगं, अंगावरचं लेकरू हाय तुझं. दिवसभर उन्हात बसायचं आन् पाण्याला तोंड लावायचं न्हाय, ह्ये कुठलं गं?”

धोंडाबाई आपल्या सुनेला, प्राचीला, असं म्हणाल्या तेव्हा त्यांच्या खांद्यावर चिमुकला अविराज पेंगत होता. प्राचीने टोपी सारखी केली आणि हसून म्हणाली, “आत्या, सामना संपला की पिते. तेवढ्यानं काय होतंय!” आमच्या भागात सासूला आत्या म्हणतात. एवढं बोलून ती माझ्या पायऱ्या चढली आणि माझ्यावर येऊन बसली.

मित्रांनो, मी बारामतीच्या टेनिस कोर्टावरची पंचांची उंच खुर्ची. जुनी झालेली नव्हे, जुनी ठरवलेली. या दोन्हींत फार फरक आहे आणि तोच मला तुम्हाला सांगायचा आहे.

माझा जन्म लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीतला. एका वर्कशॉपमध्ये लोखंडी पाइप वाकवून मला उभं केलं, वर सागवानी बैठक बसवली, डोक्यावर छत्री लावायला एक नळी जोडली आणि हिरवा रंग दिला. टेम्पोत घालून बारामतीला नेताना एका ट्रॅक्टरवाल्याने विचारलं, “काय ओ, पाखरं राखायचं मचाण का?” टेम्पोवाला म्हणाला, “व्हय तर, डाळिंबात ठेवायचंय.” दोघेही हसले. मला राग आला. पण पुढे तसंच झालं. स्पर्धा वर्षातून एकदा. उरलेल्या दिवसांत मला लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांनी नेलं, मंडपाचे दिवे लावणाऱ्यांनी नेलं आणि एका हंगामात तर शेळगावच्या डाळिंबाच्या बागेत मी खरोखरच पाखरं राखली.

स्पर्धेचे दिवस मात्र माझे असत. पुरुष आणि महिला दोघांचे व्यावसायिक सामने असायचे. कुठून कुठून खेळाडू यायचे, कुणी परदेशातून. आमचं कोर्ट हार्ड कोर्ट, म्हणजे टणक थरावर निळा रंग चढवलेलं. ऊन वरून जितकं पडतं तितकंच ते खालून अंगावर येतं. खेळाडू दोन गेम झाले की सावलीत बसतात, बर्फाचा टॉवेल मानेवर घेतात. पंच मात्र वरच असतो. पहिल्या वर्षी लोक माझ्याबरोबर फोटो काढायचे. “काय रुबाब आहे खुर्चीचा!” म्हणायचे. मला तेव्हा वाटायचं, आपल्याकडे सगळ्यांचं लक्ष आहे. ते लक्ष फक्त फोटोपुरतं होतं, हे कळायला मला बराच वेळ लागला.

प्राची इंदापूरची. बारामतीतच कॉलेज केलं, तिथेच टेनिस खेळली, मग पंचांची परीक्षा दिली. तिचा आवाज स्वच्छ होता. त्या वर्षी पुण्याहून एक निरीक्षक बाई खास तिचं काम बघायला आल्या होत्या. अंतिम सामना नीट पार पडला, तर तिला मोठ्या स्पर्धांना पाठवणार होते. तिला ते हवं होतं. किती हवं होतं, ते मला माहीत होतं. सामना सुरू होण्याआधी ती माझे हात घट्ट धरून बसायची.

आता पाण्याचं सांगते. पंचांसाठी कोर्टाला लागून एक खोली होती. आत स्वच्छतागृह, एक पंखा, एक बाक. सकाळी महिलांचा अंतिम सामना संपवून प्राची बाळाला पाजायला घेऊन तिकडे गेली, तर दाराशी गर्दी. आत पाहुण्यांना फेटे बांधायचं काम चाललं होतं. कापडाचे ढीग, आरसा, टाचण्या, चहा.

“वहिनी, थोडं थांबा ना,” स्पर्धेचे सचिव अजितराव म्हणाले. “पाहुणे फेट्याशिवाय स्टेजवर कसे जातील? तुम्ही तिकडं जलतरण तलावामागं जाऊन या.”

तलाव मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला. तिने घड्याळ पाहिलं. पुरुषांच्या अंतिम सामन्याचे पंच तापाने आडवे झाल्यामुळे तो सामनाही तिच्याच गळ्यात पडला होता. तिने बाळाला सासूकडे परत दिलं आणि पाण्याची बाटली माझ्या पट्टीत तशीच खोचून ठेवली. प्यायचंच नाही, म्हणजे जावंच लागणार नाही. बायका असा हिशेब मनातल्या मनात करतात आणि कुणाला सांगत नाहीत. धोंडाबाईंनी तो ओळखला, म्हणून त्या बोलल्या.

तेवढ्यात दोघेजण आले आणि त्यांनी माझ्या डोक्यावरची छत्री काढली.

“अहो, ती कशाला?” प्राचीने वरून विचारलं.

“मागं पाहुण्यांचा फ्लेक्स आहे ना मॅडम. फोटोत छत्री आडवी येती.”

प्राचीने निरीक्षक बाईंकडे एक नजर टाकली. तक्रार करणारी पंच, असं त्यांना वाटलं तर? ती म्हणाली, “राहू द्या.”

मला ओरडावंसं वाटलं. राहू द्या काय, राहू द्या? अगं, बाई आहेस, लेकराची आई आहेस, झाड नाहीस! पण खुर्चीला बोलता येत नाही. ती बसली की खुर्चीने गप्प उभं राहायचं.

त्यानंतर सत्कार सुरू झाले. शाल, श्रीफळ, भाषण, पुन्हा शाल. खेळाडू आत सावलीत गेले होते. प्राची वरच होती. पाहुणे कधी उठतील आणि सामना कधी सुरू होईल, याचा नेम नव्हता. पलीकडे लिंबाखाली अविराज रडायला लागला. तो रडला की प्राचीचे हात आपोआप छातीशी आवळायचे. मी ते बघत होते. बघण्याशिवाय मी काय करणार?

सामना सुरू झाला. पहिला सेट तिने झकास काढला. दुसऱ्यात तिची पावलं माझ्या पायरीवर थरथरू लागली. तिसऱ्या सेटमध्ये ‘थर्टी-फॉर्टी’ म्हणायच्या जागी ती ‘फॉर्टी-थर्टी’ म्हणाली. खेळाडूने हात पसरले. तिने लगेच दुरुस्ती केली, पण प्रेक्षकांना तेवढं पुरलं.

“मॅडम, जेवण जड झालं का?”

“घरी सोडा रे त्यांना, पोरगं रडतंय!”

लोक हसले. मी माझा एक सैल बोल्ट करकरवला. सगळा जीव एकवटून करकरवला. तर मागून कुणीतरी म्हणालं, “त्या खुर्चीला तेल घाला जरा.”

मग तिचं डोकं एका बाजूला कललं. मित्रांनो, खुर्चीला हात असतात, पण त्यांना धरता येत नाही. ती माझ्यावरून सरकली आणि त्या टणक निळ्या कोर्टावर पडली. लिंबाखालून धोंडाबाई “प्राचे!” म्हणून धावल्या. त्यांची एक चप्पल वाटेतच राहिली.

दवाखान्यात सलाइन लागलं. हाताला प्लास्टर घालावं लागलं. कितीतरी दिवस तिला आपल्याच बाळाला उचलता येत नव्हतं.

इकडे मैदानावर ठरलं ते असं, की खुर्ची जुनी होती, तिचाच पाय डळमळला.

माझा पाय डळमळला नव्हता!

प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून प्राची एकदा मैदानावर आली. मला तेव्हा भिंतीला टेकवून ठेवलं होतं. ती अजितरावांना म्हणाली, “खुर्ची हलली नाही, अजितराव. मला चक्कर आली. मी सकाळपासून पाणी प्यायले नव्हते.”

“अहो वहिनी, कशाला बोलता?” अजितराव हळूच म्हणाले. “खुर्चीवर गेलं तर तुमच्या नावाला धक्का नाही, आमच्याही नाही. निरीक्षक बाईंनाही पटलंय. तुमचं पुढचं होऊन जाईल.”

प्राचीने चांगला हात माझ्या पायरीवर ठेवला. मी मनात म्हटलं, घे बाई, घे. माझ्यावर घाल सगळं, मी लोखंडाची आहे. तुझं पुढचं होऊ दे.

“खुर्चीवर घातलंत तर तुम्ही नवी खुर्ची आणाल,” ती शेवटी म्हणाली, “आणि ती खोली पुन्हा फेट्यांनाच द्याल. मी बाईंना फोन करून खरं सांगणार आहे.”

तिने फोन केला. पुढचं बोलावणं तिला अजून आलेलं नाही.

आणि नवी खुर्ची आली. अ‍ॅल्युमिनियमची, हलकी, पांढरी. तिच्यापुढे नारळ फुटला, तिचा फोटो निघाला. मला सामानाच्या खोलीत ढकललं. माझा रंग उडतो आहे, सांध्यांत गंज चढतो आहे. त्याचं मला फारसं काही वाटत नाही. वस्तूंची काळजी घ्या, असं तुम्हाला शाळेत सांगतातच. पण वस्तूवर दोष टाकला की माणसाची काळजी घ्यायची राहून जाते, हे कुणी सांगत नाही.

आज पुन्हा अंतिम सामने आहेत. सकाळी फेट्यांचे गठ्ठे माझ्या दारावरूनच त्या खोलीकडे गेले. नव्या खुर्चीवर निकिता नावाची एक मुलगी पंच म्हणून बसली आहे. तिचा आवाज मघाशी खणखणीत येत होता. आता जरा बारीक येतो आहे. या खोलीच्या खिडकीतून मला तिची फक्त पाठ दिसते. चेहरा दिसत नाही.

मित्रांनो, तुम्ही सामना बघायला आत निघालाच आहात, तर तेवढं एक करा. जागा पकडायच्या आधी तिच्या समोरून जा. तिच्या तोंडाकडे नीट बघा, आणि बरी आहेस ना, म्हणून विचारा. ती ‘हो’ म्हणाली, तरी लगेच निघून जाऊ नका.