आकारामचं प्रेशर

बायपासच्या आदल्या दिवशी डॉक्टर संयोगिता आकारामला तपासायला गेली, तेव्हा त्याचं प्रेशर एकशे ऐंशीवर होतं. दुपारी मोजलं तर एकशे दहा. संध्याकाळी पुन्हा चढलेलं. भूल द्यायचं काम तिचं, म्हणजे उद्या हे प्रेशर तिलाच सांभाळायचं होतं. शिरोलीच्या फौंड्रीत लोखंड ओतण्यात हयात घालवलेला हा गडी मात्र खाटेवर निवांत पेपर चाळत होता.

"गोळी रोज घेता ना?"

"डोकं जड झालं की घेतो की. उगं रोज कशाला?"

"मी सांगून दमले, बाई," त्याची बायको विठाबाई म्हणाली. "ऐकत्यात कुठं?"

संयोगिता तडक सर्जनकडे, डॉक्टर धैर्यशीलांकडे गेली. "सर, आठवडाभर थांबू. औषधानं प्रेशर जाग्यावर येऊ दे."

त्यांनी कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. वय, किडनी, हृदयाची ताकद, सगळी माहिती भरून ऑपरेशनचा धोका 'कमी' आला होता.

"पण यात प्रेशरचं वर-खाली होणं धरलेलंच नाही, सर."

"आणि त्याच्या हृदयाची मुख्य नळी बंद व्हायला आलीय. तुमच्या आठवड्यात तो गेला तर?"

हेही खरंच होतं. त्याचाच तिला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी टेबलावर भीती खरी ठरली. भूल चढताच प्रेशर धाडकन कोसळलं. औषध दिलं तर दोनशेपार गेलं. ते उतरवावं तर पुन्हा तळाला.

"मॅडम, प्रेशर धरा."

"धरतेच आहे, सर," ती दातओठ खात म्हणाली.

जोडलेल्या नळ्या उत्तम चालल्या. पण रात्रीपासून आकारामची लघवी बंद झाली. प्रेशरच्या चढउतारात किडन्यांनी मार खाल्ला होता. डायलिसिस सुरू झालं.

डॉक्टरांच्या बैठकीत सर म्हणाले, "कमी धोक्याचा पेशंट होता. नशीब त्याचं, दुसरं काय."

"नशीब कसलं? आपल्याला आदल्या दिवशी दिसत होतं," संयोगिता म्हणाली. "निदान इथून पुढं धोका काढताना असे चढउतार मोजायला तरी घेऊ."

"बघू की," कुणीतरी म्हणालं, आणि बोलणं नव्या मशीनवर गेलं.

दहा-बारा दिवसांनी विठाबाईनं तिला जिन्यातच गाठलं. "लघवी सुटली, बाई! मोठ्या डाक्टरास्नी देवच म्हनायचं."

"व्हय की," संयोगिता म्हणाली. तिला मनापासून बरं वाटलं. तरी थांबलो असतो तर काय झालं असतं, ते ना तिला ठाऊक होतं, ना सरांना. आणि ते शोधायची कुणालाच गरज वाटत नव्हती.