तिसऱ्या भागातला होडीवाला

अक्षयाने व्हिडिओ गेमच्या डबीवरचं प्लास्टिक दातांनी टराटरा फाडलं. दोन महिन्यांपूर्वी तिनेच ते चिकटपट्टी लावून परत बसवलं होतं. पण विनीतला काय पत्ता! तो आपला खुशीत दोन्ही कंट्रोलर सतरंजीवर मांडत होता.

“दोघांनी मिळूनच खेळायचं ठरलेलं,” तो म्हणाला. “थांबलीस, मानलं तुला.”

तिने मान खाली घालून डिस्क आत सरकवली. थांबली कसली! नवरा बोटीवर असताना एका रविवारी राहवलं नाही, आणि एकटीने शेवटपर्यंत खेळून बसली. तेव्हापासून डोकं तडकलेलं होतं, आणि कुणाला सांगायची सोय नव्हती.

‘लँटर्न पॉइंट’चे पहिले दोन भाग त्यांच्या संसाराइतकेच जुने. एकाने दीपगृहाचा दिवा फिरवायचा, दुसऱ्याने त्या उजेडात होडी आणायची. दिवा तिचा, होडी त्याची. कितीही वादळ होवो, होडी किनाऱ्याला लागली की खेळ संपे. विनीत मालवाहू बोटीवरचा खलाशी. आठ-आठ महिन्यांनी जयगडला यायचा, बॅग कोपऱ्यात टाकून आधी हाच खेळ लावायचा. आणि या खेळ बनवणाऱ्या मेल्यांनी तिसऱ्या भागात काय केलं? पहिल्याच प्रसंगात होडीवाला बुडवला! पुढे बाई एकटीच दिवा फिरवत बसते. दुसऱ्या कंट्रोलरला कामच नाही. लोकांनी शिव्या घातल्या, कंपनीला टाळं लागलं, म्हणजे आता चौथा भागही नाही. मसणात जाऊ दे कंपनी, पण बुडालेला तो बुडालेलाच राहिला ना!

आणि सोमवारी विनीतला पुन्हा बोटीवर चढायचं होतं. आजच हे त्याला दाखवायचं?

पडद्यावर लाट उठली. होडी उलटली. विनीतच्या हातातला कंट्रोलर निकामी झाला.

“बघ, बघ हलकटांना!” इतके दिवस कोंडलेलं सगळं अक्षयाच्या तोंडून बाहेर पडलं. “दोन भाग त्याला सुखरूप आणला आम्ही, आणि आता बुडवायला लाज नाही वाटली? यांच्या घरातलं कोणी गेलंय का कधी समुद्रावर?”

पडवीत कोलंबी सोलत बसलेल्या सासूबाईंनी मान वळवली. “कोणावर गो करवादतेस भरदुपारी?”

“खेळावर, आई.”

विनीतने तिच्या पाठीवर हात ठेवला. “एवढी चिडू नको गं. शेवटी येतो तो परत.”

अक्षयाच्या तोंडातली शिवी तोंडातच राहिली. येतो? कुठे येतो? तिने शेवट पाहिला होता. दिवा विझतो, कंपनीवाल्यांची नावं वर सरकत जातात, कोणी येत नाही.

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो पडद्याकडे बघत होता, नको तितकं लक्ष देऊन.

होडी उलटली तेव्हा हा दचकलाही नव्हता. म्हणजे यानेही! तिकडे बोटीवर, एकट्याने, शेवटपर्यंत. आणि वर तिलाच थापा मारतोय. कडकडून भांडावं असं तिला वाटलं. पण तोंड उघडलं की स्वतःचंही बिंग फुटणार.

“नक्की येतो?”

“येतो म्हणजे काय, येतोच.”

“मग झालं तर. बाकीचं कशाला बघायचं?”

तिने रागारागाने डिस्क उपसून काढली, जुना दुसरा भाग लावला आणि त्याचा कंट्रोलर त्याच्या हातात कोंबला.

“घे होडी,” ती खेकसली. “आणि नीट ये.”