पाणचक्कीची पाचर

सुंदराबाईनं त्या सकाळी आंघोळीआधीच पाप उरकून घेतलं. पाणचक्कीचा वरचा दगड ज्या लाकडावर तोललेला होता, त्याखाली तिनं जाड पाचर ठोकली. दगड बोटभर उचलला गेला. आता चक्की फिरणार, पण पीठ द्यायची नाही. नुसता भरडा पडेल.

तलावाच्या पाळीखाली गावच्या जुन्या जमीनदारानं, मालगुजारानं, ही चक्की बांधली, तेव्हाच रीत घालून दिली होती. चक्की चालती आहे तोवर दारात ती सांभाळणाऱ्या घरचं माणूस हवं. एक रात्र दार बंद दिसलं, की राहतं घर आणि धानाचं शेत, ती बांधी, दुसऱ्याची. नवरा गेल्यावर त्या घरचं माणूस म्हणजे एकटी सुंदराबाई. गावात विजेची गिरणी येऊन चार वर्षं झाली, दळण चिमूटभर उरलं, पण रीत काही सुटेना. मेल्या रीतीपायी साकोलीला ललिताच्या, पोटच्या लेकीच्या, पहिल्या बाळंतपणाला तिला जाता आलं नाही. ते बाळ वाचलं नाही. आता ललिताचे पुन्हा दिवस भरले होते.

सरपंच भैयाजी तसा वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला होता, "वयनी, नागपूरवरून साहेब येऊन राहिले जुनी चक्की पाह्याले. त्यायनं मेली म्हनलं, त मी तुमाले मोकळं करतो. घर-बांधी तुमचीच."

तिनं गाठोडं बांधूनच ठेवलं. नवी गोधडी, आणि बाळंतिणीच्या पेजेसाठी जुने तांदूळ.

साहेब दुपारी जीपनं आले. पाळीवर तुडूम, तलावाचं पाणी सोडायचं दार, उघडलं, पाणी धावलं, चक्की फिरली. साहेबांनी भरडा चिमटीत धरला.

"हे काय, कोंबड्यांना टाकायचं?"

"बुढी झाली जी ते. माह्यासारखी."

साहेबांनी वहीत काहीतरी खरडलं. गावचं नाव व्हायची संधी गेली म्हणून भैयाजीचं तोंड उतरलं. सुंदराबाईचा आनंद मात्र पोटात मावेना. साकोलीची बस चारला होती.

निघता निघता साहेब खाली वाकले. "आणि ही पाचर कशाला?" म्हणत त्यांनी ती हिसकून काढली.

दगड खाली बसला. वरचा दाणा संपलेला. दगडावर दगड कोरडा घासू लागला, ठिणग्या उडाल्या, जळका वास सुटला. "तुडूम बंद करा रे!" भैयाजी ओरडला, पण तुडूम होतं लांब. अजून थोडा वेळ, की दगड तडकणार होता. सुंदराबाईला हे ठाऊक होतं. तिला काहीच करायचं नव्हतं, नुसतं उभं राहायचं होतं.

पण तीस वर्षं चक्कीवर राबलेल्या हातांनी तिला विचारलंच नाही. जवळ दुसरा दाणा नव्हता. तिनं गाठोडं फाडलं आणि ललिताचे तांदूळ ओंजळीओंजळीनं चक्कीत ओतले. मग हातोडीनं लाकडाला दोन टोले दिले. दगडाचं रडणं थांबलं. पांढरं, मऊसूत पीठ पडू लागलं.

"वा! ही तर जिवंत आहे!" साहेबांनी वहीतलं खोडलं. "सरपंच, इथे जुन्या वारशाची पाटी लागेल. आणि बाई, तुम्ही मात्र इथून हलायचं नाही हं. तुमच्याशिवाय ही चालायची नाही."

भैयाजीनं तिच्याकडे पाहिलं नाही.

चारच्या बसच्या कंडक्टरकडे, बाबुलालकडे, तिनं गोधडी दिली.

"माय, तू नाई येत?"

"कशी येऊ गा? दाना नसला का गोटा रडते. साऱ्या गावात मले एकटीलेच आयकू येते."