नवसाचा मलिदा

रविवारची सकाळ. भिलाईच्या क्वार्टरमध्ये सारूबाई वाक्रूळकर पोहे भिजत घालून खोबरं खवत बसली होती. वाक्रूळकर म्हणजे बेने इस्राएल, आपले मराठी यहुदी. दोन पिढ्या नागपूरच्या रेल्वेत काढून भिलाईला आलेले. त्यांच्यात माणूस दूरदेशाहून सुखरूप परतला, की एलियाहू हन्नाबी या नबीचा, म्हणजे प्रेषिताचा, नवस गोड पोह्यांचा मलिदा करून फेडतात. सारूबाईचा थोरला, बिन्यामीन, जेरुसलेमहून आला होता.

वऱ्हांड्यात तो सामाजीकाकाला आपला पराक्रम सांगत होता. तिकडे तो एका कट्टर टोळीत शिरला होता. शब्बाथ, म्हणजे शनिवारची विश्रांती, मोडणाऱ्यांना ही टोळी धडा शिकवी.

"शनवारी बस निघाली, तं आमी रस्ता अडवला. पेटती बाटली म्याच फेकली. ड्रायव्हरचे दोन्ही हात जळाले."

"शाबास! धर्म राखला पोरानं," सामाजी म्हणाला.

शाबास! जिवंत माणूस भाजला आणि घरात शाबासकी! आग लागो असल्या धर्मरक्षणाला.

खोबऱ्याचे हात तसेच घेऊन सारूबाई बाहेर आली. "कोण होता तो ड्रायव्हर?"

"आपल्यातलाच, यहुदी. मंग शब्बाथ कावून मोडला त्यानं?"

"आन् काल तुह्या बापानं कोणची ड्यूटी केली रे?"

बाप एलोजी कारखान्याची बस चालवायचा. भट्टी शनिवारी विझत नाही, कामगारांना पोचवावंच लागतं. वऱ्हांड्याच्या कोपऱ्यात इतका वेळ मान खाली घालून बसलेला एलोजी आता मुलाकडे बघू लागला.

"बाबानंही सोडावं ते काम," बिन्यामीन म्हणाला. "पाप ते पापच."

"नाई सोडलं तं? त्यायचेही हात जाळशीन?"

बिन्यामीननं 'नाही' म्हटलं नाही.

सारूबाई आत गेली आणि तिनं नवसासाठी फळं मांडून ठेवलेलं ताट चौरंगावरून उचललं. सामाजी धावत आला, मागोमाग बिन्यामीन. "वहिनी, नवसाचं ताट हाय! पोरगा सुखरूप आला ना!"

"माणूस जाळून आला तो सुखरूप? नबीच्या पुढं खोटं बोलू मी?" ती मुलाकडे वळली. "परत जाय. पोलिसाले सांग, बाटली म्या फेकली म्हणून. त्या माणसाचे पाय धर. मंग ये. तवा करीन मलिदा."

एलोजी उठून आत आला. आता हा बायकोला दटावणार, असं सामाजीला वाटलं. एलोजीनं तिच्या हातातलं ताट घेतलं आणि स्वयंपाकघरात नेऊन झाकून ठेवलं.

वाचकहो, असले धर्मवीर कुठल्या एका धर्मातच निपजत नाहीत. त्यांना ओवाळणारे हात कुणाचे आहेत, तेवढं आज आपापल्या घरात बघा.