तीन रबरं

हलत नाही अशी वस्तूच नसते, जोर कमी पडतो, असं यंत्रदुरुस्ती करणाऱ्या त्या फिटरचं ठाम मत होतं. पन्नाशीत त्याने दातांना तारा बसवून घेतल्या, त्याही दातांची डॉक्टर असलेल्या बायकोच्या धाकट्या बहिणीकडून. दोन दात काढून जागा केली होती; दोन्हीकडचे सुळे मागे सरकवायचे होते.

"दाजी, दोन्ही बाजूंना एकेक रबर. एकच," मेहुणीने बजावलं.

"एवढ्याशा रबराने काय होणार?"

"तोंड आहे ते, कारखाना नाही."

घरी येऊन त्याने उजवीकडे तीन रबरं चढवली. डावीकडेही चढवणार होता, पण तिथे गालाला फोड आला होता. नाइलाजाने एकावर भागवलं. उजवी बाजू ठणकायला लागली, तसा तो खूश झाला. दुखतंय म्हणजे काम चाललंय.

महिन्याने मेहुणीने मोजलं. डावा सुळा छान सरकला होता. उजवा तसूभरही नाही.

"किती रबरं लावलीत?"

त्याने छताकडे पाहत तीन बोटं दाखवली.

"दात हाडात ठोकलेला नसतो, दाजी. हलका दाब आला की त्या बाजूच्या पेशी हाड खातात, मागच्या बाजूच्या नवं हाड भरतात. तुम्ही इतकं दाबलंत की रक्तच पोचेना. पेशी मेल्या. आता हाड खाणार कोण?"

"मग आता काय करायचं?"

"काही नाही. उजवीकडे तीन आठवडे रबर नाही. आधी शरीर तिथली साफसफाई करेल."

काही न करणं त्याला भलतंच जड गेलं. बायकोने रबरांची पुडी स्वतःच्या पर्समध्ये ठेवली, तेव्हा कुठे ते निभलं. मग पुन्हा एकच रबर लागलं, आणि दीड महिन्यात उजवा सुळा निमूटपणे सरकला.

पुढच्या खेपेला दवाखान्याच्या बाकावर तो शेजारच्या बाईंना समजावत होता, "घाई करायची नाही. जबरदस्ती केली की सगळं अडतं. मी तर पहिल्यापासून हेच म्हणतो."

बायकोने मासिकातून डोकं वर काढलं. "लेकीला चित्रकला शिकायची होती, तिला जबरदस्तीने इंजिनिअरिंगला घातलंत, तेव्हा कुठे ठेवलं होतंत हे शहाणपण?"

बाई खिडकीबाहेर बघू लागल्या. आतून हाक आली. तारा आवळून घ्यायला तो इतक्या लगबगीने कधीच उठला नव्हता.