अप्पांचं वादळ किती नंबरचं

आमच्या अप्पांनी नलूताईची तीन स्थळं नुसत्या आवाजाने उडवली होती. त्यातल्या एका मुलाचे वडील घाईत चपला विसरून गेले. त्या मी कॉलेजला घालायचो.

छप्पन साल होतं. मुंबई महाराष्ट्राला मिळणार की नाही, यावरून फणसवाडीत दूधवाला आल्यापासून भांडणं सुरू व्हायची आणि त्यात शेवटचा शब्द अप्पांचा असायचा. पहिला आणि मधलेही त्यांचेच असायचे.

चौथं स्थळ ताईने स्वतः आणलं. ती शाळेत भूगोल शिकवायची. मुलींना कुलाब्याची वेधशाळा दाखवायला गेली आणि तिथल्या अच्युतला बघून आली. अच्युतचं काम वारा मोजायचं.

"यंत्र नसलं तरी चालतं," ताई मला सांगायची. "काय हलतंय ते बघायचं. धूर सरळ वर गेला तर शून्य. कागद उडाले की चार. छत्री आवरेना की सहा. कौलं उडाली की नऊ, झाडं उन्मळली की दहा. बारा म्हणजे चक्रीवादळ!"

हे सांगताना ती इतकी लाजायची की मीच दुसरीकडे बघायचो.

रविवारी अच्युत आपल्या मामांना, मनमोहनरावांना, घेऊन आला. ताई माझ्या कानाशी लागली. "शरू, हे मोडलं तर मी दुसरं बघणार नाही. अप्पांना राजकारणावर जाऊ देऊ नकोस."

मी अप्पांना उकाड्यावर अडकवून ठेवलं. मग आईने कोलंबीचं भानोलं आणलं. मामांनी दोन तुकडे खाल्ले, तिसरा उचलला आणि तृप्त होऊन म्हणाले, "मुंबई वेगळी राहिली तरी काय बिघडतंय हो? ट्राम तीच, कोलंबी तीच."

अप्पांनी बशी खाली ठेवली. समोरच्या बिऱ्हाडातल्या मीराबाई दोरीवरचे कपडे भराभर काढू लागल्या. बाई अनुभवी.

"कोलंबी तीच?" अप्पा म्हणाले. "अहो, ती कोलंबी धरतो कोण? सोलतो कोण? आणि आयती गिळून वर मुंबई वेगळी म्हणतो कोण?"

कॅलेंडरची पानं फडफडली.

"चार," अच्युत हळूच म्हणाला.

"पाच," ताई म्हणाली. "पडदा बघा ना."

मामांनी ढालीसारखी छत्री उघडली. अप्पांचा हात लागून ती उलटी झाली. "सहा." अप्पांनी खांबावर मूठ आपटली. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर. एक कौल निसटलं आणि गॅलरीत फुटलं. "नऊ!" दोघं एकदम म्हणाले आणि एकमेकांकडे बघून हसले. मग अप्पांचा पाय कुंडीला लागला आणि क्रोटन मुळासकट बाहेर आलं.

"दहा," अच्युत म्हणाला.

इथे अप्पांचा श्वास संपला. घरात सामसूम झाली. मामांनी छत्रीचं जे उरलं होतं ते मिटलं. "चल रे अच्युत. इथे जमायचं नाही."

ताईचा चेहरा उतरला.

"मामा, उठू नका," अच्युत म्हणाला. "हा डोळा आहे."

"कुणाचा?"

"वादळाचा. चक्रीवादळाच्या मधोमध वारा पडतो. लोकांना वाटतं संपलं, म्हणून ते कौलं वेचायला बाहेर येतात. मग उरलेलं अर्धं उलट्या दिशेने येतं."

आम्ही दिशा बघितली. अप्पा गॅलरीच्या बाजूला होते. उलट्या दिशेला स्वयंपाकघर.

दारात आई उभी होती. हातात सांडशी.

"तीन स्थळं घालवलीत," ती अप्पांना म्हणाली. "आता चौथं. पोरीचं लग्न काय क्रोटनशी लावू? आणि तुम्ही हो मामा! कोलंबी तीच काय? पहाटे बाजारात जाऊन निवडून आणलीय मी! तीच म्हणे!"

मामा मटकन बसले. आईची हनुवटी थरथरू लागली. आता मात्र अच्युत घाबरला.

"अप्पा, वाऱ्यापेक्षा पाण्याने जास्त माणसं जातात. वाऱ्यामागून समुद्र आत शिरतो. ते यायच्या आत काय ते करा."

अप्पांनी आईच्या डोळ्यांकडे बघितलं. "मनमोहनराव," ते घाईने म्हणाले, "भानोलं घ्या ना अजून."

"मुंबई तुमचीच," मामा सांडशीवर नजर ठेवून म्हणाले.

समुद्र मागे हटला. अप्पांनी घसा खाकरला. "जावईबापू व्हायचंय ना? मघाशी माझं किती झालं?"

"दहा."

"बारा लाव."

ताईने डोळे मिटले.

"नाही लावता येणार," अच्युत म्हणाला. "बाराला काहीच शिल्लक राहत नाही. घर उभं आहे."

अप्पांचा चेहरा तांबडा झाला. मीराबाईंनी खिडकी लावून घेतली.

"आणि हिचं?" अप्पांनी विचारलं.

अच्युतने स्वयंपाकघराकडे बघितलं. "त्याला आकडा नाही. बंदरावर बावटा चढवायचा आणि होड्या वर ओढून घ्यायच्या."

"हे कळायला मला पंचवीस वर्षं लागली," अप्पा म्हणाले. मग आईकडे वळले. "अगं, मी काय म्हणतो... तारीख काढायची का?"

एवढ्या हळू की उदबत्तीचा धूर सरळ वर गेला.