गेंदाबाईचे बारा शब्द

बिल्ल्याची टाचणी पुन्हा खांद्याखाली टोचली. नारिंगी बिल्ला, मधोमध इंग्रजी बी, त्याला वर आणि खाली शिंगं फुटल्यासारख्या दोन-दोन रेघा. स्नेहलने तो ओढणीवरून उपसून काढला, टाचणी दाताने सरळ करून पाहिली, ती आणखीच वाकडी झाली, तेव्हा तिने तो एवढ्या तिरमिरीने पर्समध्ये फेकला की शेजारच्या सीटवरच्या आजोबांनी मान वळवून पाहिलं. पाहा. काय पाहायचं ते पाहा एकदाचं… गावात जाताना बिल्ला लावलाच पाहिजे, असा संस्थेच्या राजदीप सरांचा नियम. राजदीप सर धुळ्याला एसीत बसून नियम करतात. त्यांना घाम येत नाही आणि त्यांची टाचणी वाकत नाही.

चोपड्याची एसटी तापीचा पूल ओलांडून केळीच्या बागांमध्ये शिरली तरी खिडकीतून येणारी झळ काही कमी होईना. स्नेहल मनातल्या मनात एकच वाक्य फिरवून फिरवून पाहत होती — गेंदाबाई, तुमचे पैसे गेले. नको. गेंदाबाई, एक अडचण झाली आहे. अडचण कसली? सगळे गेले, पैसुद्धा उरला नाही, याला अडचण म्हणतात होय? मग — गेंदाबाई, मी तुम्हाला बजावलं होतं ना? हे मात्र बरोबर वाटत होतं. हे म्हणताना आवाज चढवता येणार होता, आणि आवाज चढला की पुढचं सोपं होतं.

कारण बजावलं तर होतंच. एकदा नाही, दर बैठकीत. सातपुड्याच्या पायथ्याला करंजपाणी नावाचं ते गाव, तिथे बायका उन्हाळाभर रानात फिरून चारोळीची बोंडं गोळा करतात आणि मगनशेठच्या दुकानात मापाने देतात. बोंडं फोडून आतला गर विकला तर कितीतरी पट भाव, पण फोडायचं यंत्र हवं, आणि यंत्रासाठी पैसे साठायला हवेत, आणि पैसे साठले की गेंदाबाईच्या नवऱ्याला, बादलला, त्यांचा वास लागलाच म्हणून समजा. पिठाच्या डब्यात ठेवले, सापडले. कुडात खोचले, सापडले. बँकेत ठेवले तर तो अंगठा लावायला तिला हाताला धरून घेऊन गेला. अशा घरात संस्थेने हे बिल्ल्यावरचं नवं नाणं आणलं. दिसत नाही, वाजत नाही, कुणाच्या हाती लागत नाही, मोबाइलमध्ये असतं आणि मोबाइल हरवला तरी बुडत नाही, कारण त्याची किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द. ज्याला शब्द ठाऊक, त्याचे पैसे. कागदावर लिहिले तर बादलला सापडतील, म्हणून राजदीप सरांनीच तोडगा काढला होता : पाठ करायला लावा, मेंदूसारखी तिजोरी नाही. आणि कुणाला सांगू नका! नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, मलासुद्धा नाही… स्नेहल दोन्ही कान हातांनी झाकून दाखवायची, बायका हसायच्या.

शिल्लक तेवढी संस्थेला दिसते; काल संध्याकाळी बघते तर गेंदाबाईच्या खात्यात शून्य. दोन उन्हाळ्यांची चारोळी. तिने लगेच धुळ्याला फोन लावला होता.

‘युजर एरर,’ राजदीप सर म्हणाले. कळफलकाची टकटक चालूच. मग, ‘त्यांनी शब्द कुणाला तरी सांगितले असणार. दुसरं काही होऊच शकत नाही, सिस्टिम परफेक्ट आहे. आणि हे बघ स्नेहल, आपल्या ऑफिसातल्या कार्यक्रमात हा विषय नको. पाहुणे बाहेरून येताहेत. आधी त्या लग्नातल्या नाचाचा व्हिडिओ, मग गेंदाबाई स्टेजवर. तू त्यांना घेऊन येतेस.’

युजर एरर! दोन उन्हाळे डोक्यावर पाटी घेऊन रान तुडवणाऱ्या बाईचं नाव युजर. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात, इथे तर नावही धड दिलं नाही. पण खरं सांगायचं तर तिला रात्रभर राग आला तो राजदीप सरांचा नव्हे, गेंदाबाईचा. एवढं एक काम होतं, बाई. तोंड बंद ठेवायचं. माझे बाबा वरणगावच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात आयुष्य घालवून निवृत्त झाले, तिथे काय बनवतात ते त्यांनी घरात एका शब्दाने सांगितलं नाही. आई चिडायची, आम्ही पोरं खोदून खोदून विचारायचो, आणि देवचंद तायडे शांतपणे भाकरी मोडत राहायचे. तोंड बंद ठेवता येतं. माणसाला येतं ते.

आणि तेच बाबा रविवारी नशिराबादच्या विहारात पुस्तक उघडून मोठमोठ्याने वाचायला बसत, तेव्हा कुणी आवाज बाहेर जाऊ नये म्हणून दार लोटलं तर केवढे भडकायचे — दार उघड! शब्द लपवणाऱ्यांनीच आपल्याला हजारो वर्षं बाहेर उभं केलं, आता आपणच दार लावायचं?… हे आत्ताच का आठवावं तिला कळेना. आठवायला नको होतं. बाबांचा इथे काय संबंध? त्या शब्दांची गोष्ट वेगळी, या शब्दांची वेगळी.

चोपड्याला उतरून काळी-पिवळी धरली. मांडीला मांडी लावून बसलेली माणसं, पायाशी कोंबड्या, आणि ड्रायव्हर आणखी एकाला हाक मारतोच आहे. डोंगर जवळ येत गेला तसा तिचा राग आणखी घट्ट होत गेला. तिला तो तसाच हवा होता. मधेच सैल पडला तर पंचाईत.

गेंदाबाई अंगणात कुडाच्या सावलीला बसून पाट्यावर चारोळीची बोंडं हलक्या हाताने घासत होती. सालं सुटून उडत होती. घरात ही माणसं पावरी बोलतात, बाहेरच्यांशी अहिराणी. स्नेहलला पाहून ती बसल्या जागेवरून हसली.

‘ये ताई, बठ. इतला उनमा कशी उनी?’

स्नेहल बसली नाही. बसलं की बोलता आलं नसतं.

‘गेंदाबाई, शब्द कुणाला सांगितलेत?’

‘कोनता शब्द?’

‘कोणते म्हणजे? ते बारा! मी कान झाकून झाकून सांगत होते ते! तुमचे पैसे गेले, कळतंय का? मोबाइलमध्ये काही नाही. कुणीतरी शब्द वापरून काढून घेतले. बादलभाऊंना सांगितलेत?’

हसू ओठांवर तसंच राहिलं, पण डोळ्यांतलं गेलं. गेंदाबाईने पाट्यावरचा हात उचलून लुगड्याला पुसला. कितीतरी वेळ पुसला.

‘मी कोनले बी सांगं नही.’

‘मग कसे गेले?’

‘डोंगरनी आन शे, ताई. बादलले नही, बहीनले नही, पोरीले नही. सांगं नही.’

‘खोटं बोलू नका!’ स्नेहल ओरडली, आणि ओरडल्यावर तिला एकदम बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचीच किळस आली. समोरच्या घरातून जमना नावाची बाई कडेवरचं मूल सावरत बाहेर आली. गेंदाबाईच्याच गटातली. काय झालं ते तिला गेंदाबाईने पावरीत चार शब्दांत सांगितलं. जमना स्नेहलकडे पाहत राहिली आणि मग अगदी साधेपणाने, मदत करावी म्हणून, म्हणाली,

‘ते मँगो-लॅडर शे का, ताई?’

खातं उघडताना स्नेहलनेच गेंदाबाईला वाचून दाखवलेले पहिले दोन शब्द.

‘तुला कसं माहीत?’

‘बठ्ठ्यास्ले माहीत शे.’

‘पाहा! पाहा, आणि म्हणे सांगितलं नाही —’

‘सांगं नही वं!’ गेंदाबाई आता उठून उभी राहिली. ‘गाणं म्हनं!’

आणि तिला अजूनही कळत नव्हतं की यात काय चुकलं, हे तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. ‘तू म्हने, पाठ कर. बारा शब्द, बठ्ठा इंग्रजी, मन्हा डोकामा कशा ऱ्हातीन? गाणं म्हनं तं ध्यानमा ऱ्हास. सांगानं नही, इतलंच तू सांगं व्हतं. गावानं नही असं कोठे सांगं?’

तिने म्हणूनही दाखवलं. रागाने, ताल चुकवत, हात झटकत, पण चाल ओळखू येत होती. लग्नात नवरीला हळद लावताना बायका दोन रांगांत कमरेला हात घालून पुढे-मागे होतात, ती चाल. मँगो गं लॅडर… डॉक्टर नि पोलीस… शुगरच्या पुढे टायगर. एक रांग म्हणते, दुसरी झेलते. शब्द इंग्रजी, पण म्हणताना ते सातपुड्यातल्या माणसांचेच होऊन गेले होते. जमनाने सवयीने पुढची ओळ झेलली आणि मग दचकून तोंडावर पदर घेतला.

हे कुठे पाहिलं मी?… ऐकलं नाही, पाहिलं. बसमध्ये, मोबाइलवर, आवाज बंद ठेवून. दोन रांगा, कमरेला हात, पुढे-मागे. वर नारिंगी अक्षरांत : सातपुड्याच्या लेकी गाताहेत उद्याच्या पैशाचं गाणं! राजदीप सर वैशाखात इथल्या लग्नाला आले होते, पाहुण्यांसारखे खाटेवर बसले होते. ‘वा वा’ म्हणत त्यांनी स्वतःच्या हाताने तो व्हिडिओ काढला होता, आणि संस्थेच्या पानावर चढवला होता. साऱ्या जगाने पाहावा म्हणून. साऱ्या जगाने पाहिला. त्यात एखादा ऐकणाराही निघाला.

ज्यांनी किल्ली जपायचं शिकवलं त्यांनीच किल्ली चावडीवर टांगली. बाया नाचताहेत एवढंच त्यांना दिसलं. त्या काय म्हणताहेत हे ऐकावं असं त्यांना वाटलंच नाही, कारण असल्या बाया असलं काहीतरी म्हणतच असतात. आणि युजर एरर! चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि ती द्यायला पाठवलं कुणाला, तर मला. मीही निघाले, बिल्ला लावून, रात्रभर वाक्यं घोकत.

तिने सांगितलं. जमेल तसं, अहिराणी-मराठीची मोडतोड करत, व्हिडिओपासून शून्यापर्यंत सगळं, आणि परवा धुळ्याच्या ऑफिसात तिला स्टेजवर बोलावलंय तेही. गेंदाबाई ऐकत होती. शेवटी तिने एकच विचारलं,

‘मंग कोन लई गया?’

‘माहीत नाही.’

‘कोनता गावना?’

‘कुठलाही असेल. मुंबईचा, परदेशातला. कधी कळणारही नाही.’

गेंदाबाई खाली बसली. पाट्यावरची बोंडं तिने मुठीत घेतली आणि सोडून दिली. मग ती बोलायला लागली ती हळू, स्वतःशीच बोलल्यासारखी.

‘बादल लई जाता तं मी चौकमा उभी ऱ्हाईसन त्याले शिव्या देती. गाव ऐकतं. मगनशेठ लई जाता तं त्याना दुकानना पुढे बठती, बठ्ठ्या बायास्ले लई बठती. आते मी कोना दारले जाऊ?’ आणि एकदम मान वर करून, ‘तू म्हने ना, नवरा लई जाऊ शकत नही, सेठ लई जाऊ शकत नही? मंग जो लई गया त्याले तोंडच नही? बिनतोंडना चोर घरमा आना तू! तुना तोंडले आग लागो!’

मग ती थांबेना. पावरीत, अहिराणीत, स्नेहलला कळणाऱ्या आणि न कळणाऱ्या शिव्या. शेजारची माणसं कुडाबाहेर येऊन उभी राहिली. स्नेहलची कानशिलं तापली. मी काय केलं? महिन्याच्या तुटपुंज्या पगारावर उन्हातान्हात मी येते, आणि शिव्याही मीच खायच्या? वड्याचं तेल वांग्यावर! तिने पर्स उचलली. निघायचं. पण पाय निघेनात. कारण तिला लख्ख दिसलं, की ही बाई तिला शिव्या देत नव्हती, शिव्यांना जागा शोधत होती. या साऱ्या भानगडीत हात लावता येईल असं, समोर घाम पुसत उभं असलेलं माणूस एकच होतं. बाकी सगळे पडद्यामागे, बाकी सगळी सिस्टिम. दे, म्हणाली ती मनात. दे अजून. तिने पर्स खाली ठेवली आणि ती मातीत बसली.

शिव्या संपल्या. दर वेळी मिळणारा गुळाचा काळा चहा आज कुणी विचारला नाही.

‘त्या धुळाना हापिसले दार शे ना?’ गेंदाबाईने विचारलं.

‘आहे.’

‘मंग परवा कसाले? सकाय येस मी.’

‘उद्या कोणी नसेल तिथे. परवाच चला. माणसं असतील. पाहुणे, फोटोवाले, सगळे.’ हे आपण बोललो, हे स्नेहलला बोलून झाल्यावर कळलं.

परतताना चोपड्याच्या स्टँडवर फोन वाजला. राजदीप सर. गेंदाबाईंची समजूत पटली ना, त्यांना स्टेजवर दोनच मिनिटं द्यायची आहेत, फार बोलायचं नाही, हात जोडले तरी चालतील… ती ऐकत होती. व्हिडिओचं सांगावं म्हणून तोंड उघडलं आणि मिटलं. आत्ता सांगितलं तर ते पान साफ होईल, मग माफीचं चार ओळींचं पत्र, मग परवा स्टेजवर दुसरीच कुणीतरी बाई, दुसऱ्याच गावची. सकाळपासूनचा राग कुठे गेला म्हणून तिने चाचपून पाहिलं. गेला नव्हता. पण तो आता धगधगत नव्हता, आणि तो कुणावर काढायचा याची घाईही उरली नव्हती. त्याच्या जोडीला आता भीती होती, नोकरीची, घरच्या हप्त्यांची, बाबा काय म्हणतील याची… नाही, बाबांची नव्हती.

‘आणतेस ना त्यांना?’ सरांनी विचारलं.

‘आणते,’ ती म्हणाली.

परवा माईक हातात आल्यावर गेंदाबाई कुणाचं नाव घेईल, ते मला माहीत नाही. कदाचित पहिलं माझंच घेईल. घेऊ दे. पण जे बोलेल ते नाव घेऊन बोलेल, आणि त्या नावाच्या माणसाला मान वर करून तिच्याकडे पाहावं लागेल.